दोस्ताच्या जॉबला कानस

उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत एक रीत होती. आता आहे की नाही, मला माहीत नाही. तिकडं जायचं सोडून मला बरीच वर्षं झाली. कुणी तुमच्या हातात पोलादाचा जॉब, म्हणजे कापून घडवलेला भाग, दिला आणि 'हार्ड करून आणलाय' म्हणून सांगितलं, की मान डोलवायच्या आधी टेबलावरची कानस उचलायची आणि जॉबच्या कोपऱ्यावर एकदा ओढायची. पोलाद खरंच हार्ड असेल तर कानस वरून घसरते, काचेवरून नख घसरतं तशी. मऊ असेल तर ती धरते, खर्रकन चावा घेते, आणि मग देणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. यात कुणी कुणाचा राग मानत नसे. दहा वर्षांच्या ओळखीचा माणूस असला तरी त्याच्या देखत कानस ओढायची आणि मग चहा मागवायचा.

अपवाद एकच. ज्याच्याबरोबर आपण एका डब्यात जेवलो, त्याच्या जॉबला कानस लावायची नाही. लावली तर तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं व्हायचं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. मीही पाळलं. त्या पाळण्यापायी माझं जे गेलं त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला होतो. माझा शिक्का बसल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. ट्रक उभा असो, डिस्पॅचवाला डोक्यावर हात मारून घेवो, माप बसत नसेल तर बसत नाही. त्यामुळं मी काही फार लाडका नव्हतो. 'ह्यो बायकोची भाकरीबी व्हर्निअर लावून खातोय' असं माझ्या पाठीमागं म्हणायचे, कधीकधी पुढ्यातही म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आवडायचं. डोळा आणि हात, माझ्याकडं एवढीच दोन हत्यारं होती, आणि दोन्हींवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

माझा दोस्त अगदी उलटा. आम्ही दोघे मुरगूडचे. शाळेत एका बाकावर, नंतर आयटीआयला एका खोलीत, आणि चार वर्षं एका डब्यात. डबा त्याच्या आईचा यायचा. त्यानं नोकरी केली नाही. उद्यमनगरातल्या एका बोळात दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन टाकून स्वतःचं वर्कशॉप काढलं. माप घेण्याचा त्याला कंटाळा, पण हात असा की नुसत्या अदमासानं काढलेला जॉब मी मोजायचो आणि तो बसायचा. 'तुझा डोळा आन् माझा हात, मर्दा, एका माणसात घातलं असतं तर देवाला कामच उरलं नसतं,' असं तो म्हणायचा. त्याचं बोलणं मोठ्यानं आणि रोखठोक असायचं. मनात एक आणि तोंडात एक असा तो माणूस नाही, हे मी पैजेवर सांगितलं असतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्याला रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं. त्यात घरी जुळवलेल्या दोन सीटच्या गाडीचे फोटो होते. बुटकी गाडी, पुढची चाकं उघड्यावर, त्यांच्यावर नुसती मडगार्डं. फोटो बघून त्याला जे वेड लागलं ते त्यानं मलाही लावलं. बेंगळुरूकडं एक वर्कशॉप अशा गाडीची फायबरची बॉडी आणि पाइपांची फ्रेम करून देतं, बाकी सगळं आपलं आपण जुळवायचं, असं कळलं. आम्ही ती मागवली. ट्रकमधून उतरवून बोळात ठेवली तेव्हा शेजारचा ग्रिलवाला वेल्डर हातातला होल्डर खाली ठेवून बघायला आला. ट्रक ड्रायव्हरला म्हणाला, "पावणं, हे काय आणलंय? रंकाळ्यात सोडायला होडी हाय व्हय?"

मागचा भाग, इंजिन, ब्रेक यांनी आम्हाला फार छळलं नाही. छळलं ते पुढच्या चाकांनी. भंगारातून एका छोट्या गाडीचा पुढचा सगळा सांगाडा आणला होता. तो आमच्या फ्रेमला जास्त रुंद निघाला. चाकं मडगार्डच्या बाहेर चार बोटं. चाकाला धरून ठेवणारे खालचे आर्म कापून आखूड केले, तर स्प्रिंग तिरकी बसायला लागली. तिची वरची बैठक सरकवली. मग लक्षात आलं की स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे चाकांना डावीउजवीकडं ढकलणारा आडवा दांडा, मूळ गाडीत ॲक्सलच्या मागं असतो, आणि आमच्याकडं नेमकं तिथं इंजिनाचं तेलाचं भांडं येतंय. म्हणून रॅक ॲक्सलच्या पुढं घेतला.

रॅक पुढं घेतला की स्टेअरिंग उलटं होतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी कागदावर सगळी मापं काढली होती, दशांशापर्यंत, आणि एवढी मोठी गोष्ट सुटली. पहिल्यांदा गाडी बोळात चालवली तेव्हा दोस्तानं स्टेअरिंग डावीकडं फिरवलं आणि गाडी थेट उजवीकडं, वेल्डरनं रचून ठेवलेल्या खिडक्यांच्या ग्रिलमध्ये घुसली. तो घाबरून आणखी डावीकडं फिरवतोय आणि ती आणखी उजवीकडं जातेय. अख्खा बोळ पोट धरून हसला. "इलेक्शनला उभी करा हिला," वेल्डर म्हणाला. "बोलती एकीकडं आन् जाती दुसरीकडं." दोस्त इतका हसला की त्याला गाडीतून उतरता येईना. रॅक उपडा करून बसवला तेव्हा ते दुखणं संपलं.

आता राहिले स्टेअरिंग आर्म. रॅकचा जोर चाकापर्यंत पोचवणारे हे दोन वाकडे हात. मूळचे मागं तोंड करून होते; बोळातल्या चाचणीपुरते ते कसेबसे उलटे बसवले होते, पण आम्हाला पुढं तोंड केलेले कायमचे हवे होते. ते नवे करणं भाग होतं. ड्रॉइंग मी काढलं. चाकाच्या रिमला घासू नयेत म्हणून आर्म बारीक ठेवावे लागले. एवढे बारीक, की साध्या पोलादात ते टिकणार नाहीत. कापून झाल्यावर हार्ड करूनच घ्यायला हवेत. ड्रॉइंगवर मी ते लाल पेन्सिलीनं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. दोस्तानं ते आर्म चार दिवसांत कापून, घासून काढले. असं देखणं काम त्यानंही पुन्हा केलं नसेल. हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीत घालून हार्ड करायला, शिरोलीला मीच नेतो म्हणालो तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मी उद्या तिकडंच चाललोय."

तिसऱ्या दिवशी त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढं ठेवले. निळसर काळे, तेलानं चमकणारे, हार्ड करून आणलेलं पोलाद दिसतं तसेच.

"घे. हार्ड करून आणल्यात. आता हत्ती बसू दे म्हणावं."

कानस हाताशी होती. माझा हात सवयीनं तिच्याकडं गेलासुद्धा. पण तो समोर उभा होता, चार वर्षं ज्याच्या आईची भाकरी खाल्ली तो. मी हात तसाच पुढं नेऊन पाना उचलला आणि आर्म गाडीला बसवले.

त्यानंतरचं एक काम मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ते माझ्या सगळ्यात आनंदाच्या कामांपैकी आहे. गाडी खड्ड्यातून गेली आणि चाक वर उचललं गेलं, की ते आपोआप बाहेरच्या बाजूला वळायचं. स्टेअरिंग धरून ठेवलं तरी. रॅकची उंची चुकली होती. त्याच्यापासून चाकाकडं जाणारी सळई, म्हणजे टाय रॉड, आणि खालचा आर्म एकमेकांशी समांतर नव्हते. आम्ही स्प्रिंग काढली, चाकाला आडवी पेन्सिल बांधली, समोर पुठ्ठा उभा केला आणि जॅकनं चाक वर-खाली केलं. पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर वाकडी रेघ काढली, नांगरासारखी. रॅकखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालत गेलो. एकेका पत्र्याला रेघ सरळ होत गेली. अकराव्या की बाराव्या वेळी ती ओळंब्यासारखी उभी आली. मी तो पुठ्ठा हातात घेऊन बोळात नाचलो. हो, मी. वेल्डर अजून सांगत असेल.

गाडी आता चांगली चालायला लागली. रविवारी सकाळी आम्ही ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडं काढायचो. तिथले रस्ते रुंद आणि रविवारी ओस. तीन आठवडे सुखाचे गेले. चौथ्या रविवारी गाडी डावीकडं ओढायला लागली.

मी दोरा लावला. आमच्याकडं मशीन नव्हतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणून समांतर दोरे बांधायचे आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. डावं चाक दीड मिलिमीटरनं फिरलं होतं. टाय रॉड फिरवून ते सरळ केलं. पुढच्या रविवारी फिरून आलो, पुन्हा दोरा लावला. पुन्हा दीड. कधी एक, कधी दोन. खराब रस्त्यावरून आलं की जास्त. आणि दर वेळी डावंच चाक, रस्त्याच्या फुटक्या कडेनं चालणारं.

आठ महिने हे चाललं. रबरी बुश बदलले. रॅकच्या क्लॅम्पना नवे बोल्ट घातले. फ्रेमचं वेल्डिंग खडू लावून तपासलं, कुठं चीर आहे का बघितलं. टाय रॉड काढून काचेवर गडगडवून बघितला, सरळ होता. स्टेअरिंग आर्म सोडून सगळं काढलं आणि मोजलं. आर्म मी मोजला नाही, कारण हार्ड केलेलं पोलाद असं थोडंथोडं वाकत नाही. फार जोर आला तर ते तुटतं. तुटला नव्हता, म्हणजे तो चांगला. ही माझी अक्कल. आणि हे सगळं करताना दोस्त माझ्याबरोबर असायचा, टॉर्च धरून, पाना देत.

सगळं तपासून झालं आणि काहीच सापडलं नाही, तेव्हा उरला तो मोजणारा.

चहाच्या गाड्यावर दोस्तानंच ते पहिल्यांदा काढलं. "इन्स्पेक्टरसायबांच्या दोऱ्यातच बाक हाय," तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री जेवताना मला तेच आठवत होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तांदळातला खडा तुमास्नी लांबनं दिसतोय, आन् येवढं चाक दिसंना व्हय? कायतरी बोलू नगा." तिचं मी ऐकलं नाही. तिला मापातलं काय कळतंय, असं मला वाटलं.

कारखान्यात मी एक जॉब तीनतीनदा मोजायला लागलो. मग चारदा. माल अडायला लागला. एकदा पिनांचा अख्खा लॉट मी नापास केला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीनं तो मोजला तर सगळ्या पिना मापात होत्या. मॅनेजरसाहेबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. वीस वर्षांत माझ्याकडं तसं कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी न जाता सरळ उद्यमनगरात गेलो आणि दोस्ताच्या वर्कशॉपमधल्या लोखंडी स्टुलावर बसून त्याला सगळं सांगितलं. चाळिशीतला माणूस मी, रडलो त्याच्यापुढं.

त्यानं चिंधी घेऊन लेथ पुसायला घेतला. मग म्हणाला, "डोळं दाखवू या की एकदा."

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला स्कूटरवरून राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. अर्धा दिवस धंदा बंद ठेवून माझ्याबरोबर बसला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, भिंग लावून बघितलं, तक्ता वाचायला लावला आणि म्हणाले, डोळे एकदम चांगले आहेत, वाचायलाही चष्मा लागणार नाही एवढ्यात. बाहेर आल्यावर मी दोस्ताला म्हटलं, डोळे तर चांगले म्हणतात. तो स्कूटरला किक मारता मारता थांबला.

"डॉक्टरला काय कळतंय मिलिमीटरमधलं," तो म्हणाला. "आन् डोळं चांगलं असून चुकालास तर मग हाताचं असंल. वय झालं की आता. इन्स्पेक्शन सोड तू. स्टोअरला बदली घे, निवांत. कशाला जिवाला घोर?"

डॉक्टरवर माझा विश्वास बसला नाही. दोस्तावर बसला. आठवड्याभरात मी बदलीचा अर्ज लिहिला. मॅनेजरसाहेबांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणालो. माझा शिक्का, जो वीस वर्षं माझ्या खिशात असायचा, मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि स्टोअरच्या खिडकीत जाऊन बसलो. हातमोजे, कॉटन वेस्ट, तेलाचे डबे. पोरं येऊन म्हणायची, "साहेब, एक जोडी मोजे द्या, पण मोजून द्या हां." मोजे दोनच असतात.

हे झाल्यावर महिन्याभरानं दोस्त लग्नाला मुरगूडला गेला होता आणि वर्कशॉपची किल्ली माझ्याकडं होती. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. डाव्या टाय रॉडच्या टोकाचा गोळीचा जोड ढिला वाटत होता म्हणून मी तो काढायला घेतला. तो आर्ममधून सुटेना, म्हणून अख्खा आर्म चाकावरून उतरवला, टेबलावरच्या व्हाइसच्या शिकंज्यात कचकन आवळला आणि हातोडीनं जोड काढला. मग व्हाइस सैल करून आर्म हातात घेतला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना व्हाइसच्या जबड्याचे दाते उमटले होते. चौकोनी, स्वच्छ, एकाखाली एक.

हार्ड पोलादावर व्हाइसचे दाते उमटत नाहीत. उमटलाच तर जॉबचा ठसा व्हाइसवर उमटतो.

मी आर्म परत व्हाइसमध्ये घातला आणि कानस घेतली. लावू की नको, असं तेव्हाही एक क्षण झालं, हे कबूल करतो. मग ओढली. तिनं धरलं. खर्रकन आवाज आला आणि काळ्या रंगाखालून पांढरीफटक रेघ निघाली. पाणी पाजलेलंच नव्हतं त्याला कधी. नुसतं गॅसच्या ज्योतीवर तापवून जळक्या इंजिन ऑइलमध्ये बुडवलं होतं. काळं दिसावं म्हणून, बाकी कशासाठी नाही. उजवा आर्म उतरवला, तोही तसाच. दोन्ही सपाट प्लेटवर शेजारी शेजारी ठेवले. उजवा टेकला. डावा एका टोकाला उचललेला. खालून फट मोजायच्या फीलर गेजची पट्टी सहज पलीकडं गेली.

सगळ्यात आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? राग नंतर आला. आधी मी त्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये मोठ्यानं म्हणालो, "दोरा सरळ होता!" आठ महिने माझा दोरा सरळ होता, माझी पट्टी बरोबर होती, माझा डोळा बरोबर होता, आणि दर खड्ड्याला तो मऊ आर्म थोडाथोडा वाकत होता. मी दर वेळी बरोबर मोजलं होतं.

मग मी दोस्ताला वाचवायला लागलो. मनातल्या मनात. शिरोलीच्या हीट ट्रीटमेंटवाल्यानं फसवलं असेल, भट्टीत न घालताच परत दिलं असेल, बिचाऱ्याला काय माहीत. सोमवारी कारखाना सुटल्यावर आर्म घेऊन भांडायच्या तयारीनंच त्याच्याकडं गेलो. तो भला माणूस होता. आर्म हातात घेऊन लगेच ओळखला.

"तुमचा दोस्त घिऊन आलता की हे. मी म्हटलं, ह्या आकाराला भट्टीत बाक येणार, नंतर ग्राइंडिंग करून सरळ करायला लागंल, आठ दिवस ठेवा. तर म्हटला, आठ दिवस कोण थांबतंय, ऱ्हाऊ दे. आन् तसाच परत घिऊन गेला."

तिथून शिये फाट्यापर्यंत मी चालत आलो, बस मागून येऊन गेली तरी हात केला नाही. आठ दिवस. दोस्तानं आठ दिवस थांबायचा कंटाळा केला, हे मी समजू शकत होतो. अदमासावर जगणारा माणूस; वाटलं असेल, चालतंय. पण मग चौथा रविवार आला. मग पाचवा. तो टॉर्च धरून माझ्याशेजारी बसायचा तेव्हा त्याला माहीत होतं. चहाच्या गाड्यावर माझ्या दोऱ्यावर हसला तेव्हा माहीत होतं. मी त्याच्यापुढं रडलो तेव्हा, डॉक्टरच्या बाकावर बसला तेव्हा, 'हाताचं असंल' म्हणाला तेव्हा. एका वाक्यात माझी सुटका होती आणि ते वाक्य त्याच्या तोंडात होतं.

मंगळवारी मी आर्म त्याच्या लेथवर ठेवला. त्यानं लेथ बंद केला. व्हाइसचे दाते बघितले, मग ती पांढरी रेघ बघितली आणि माझ्याकडं मान वर केली. त्याचं तोंड उतरलं होतं, पण मला वाटलं होतं तसं नाही. तो दुखावला होता.

"कानस लावलीस व्हय?" तो म्हणाला. "माझ्या जॉबला?"

हाच प्रश्न तो विचारेल, हे मला सात जन्मात सुचलं नसतं. मग माझ्या तोंडातून जे फुटलं ते बोळाच्या टोकापर्यंत गेलं. वेल्डर बाहेर येऊन परत आत गेला. मी म्हटलं, माझी खुर्ची गेली, माझा शिक्का गेला, मी मोजे वाटत बसलोय, आणि तुला कानशीचं पडलंय?

तो खाली बघत बोलला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. "सांगणार हुतो. पयल्याच आठवड्यात सांगणार हुतो. तर तू त्यो पुठ्ठा घिऊन नाचालतास. म्हटलं, कशाला इस्कोट करायचा. मग म्हटलं, तूच शोधशील. तू तर सगळं शोधतोस. मग लई दिस झालं. इतक्या दिसांनी काय तोंडानं सांगायचं?"

"आणि बदली घे म्हणालास ते?"

"तू झुरालतास. बघवंना मला."

मला वाटतं, तो खरं बोलत होता. त्याला बघवत नव्हतं, म्हणून त्यानं मला नजरेआड केलं. स्वतःची चूक कबूल करण्यापेक्षा माझा हात निकामी ठरवणं त्याला सोपं गेलं. दुष्टपणानं केलं असतं तर मी कदाचित कधीतरी विसरलो असतो. दुष्ट माणसाला शिव्या घालता येतात.

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं, आर्मसुद्धा दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, तुम्हीच लिहून दिलंत, आम्ही दोनदा विचारलं. तिथं आता नवा माणूस घेतलाय, त्याला कोणत्या कारणानं काढू? कारण नव्हतं. मी त्याचं काम बाजूला उभं राहून बघितलं होतं. चांगला होता. एकदाच मोजायचा.

नवे आर्म मी दुसरीकडून करून घेतले. शिरोलीला स्वतः नेले, आठ दिवस थांबलो, ग्राइंडिंग करून आणले आणि हीट ट्रीटमेंटवाल्याच्या देखत दोन्हींना कानस लावली. घसरली. गाडी मी तोवर जुनेच आर्म परत लावून ढकलत घरी आणली होती. अंगणात बसून आर्म बसवले, दोरा लावला, चाकं सरळ केली आणि सहा रविवार कागलला गेलो. मुद्दाम रस्त्याच्या फुटक्या कडेनं. सहाव्या रविवारी दोरा लावला तर पट्टी पहिल्या दिवसाच्या मापावर. केसभरही फरक नाही.

त्याच सकाळी गाडी घेऊन मी उद्यमनगरात गेलो. माझे पाने त्याच्याकडं राहिले होते, ते आणायला, असं बायकोला सांगितलं. बोळात हॉर्न वाजवला. तो हात पुसत बाहेर आला, आधी गाडीच्या डाव्या चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. खाली वाकून नवा आर्म बोटानं चाचपला. चांगला आहे, अशी मान हलवली.

"सरळ जाती?"

"जाते."

"हलंना न्हवं कुठंबी?"

"नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. खरा आनंद होता तो, कपट नव्हतं त्यात. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "मग झालं की, भावा!"

त्याच्या लेखी खरंच झालं होतं. मी पाने न घेताच गाडी मागं घेतली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि मला आठ वाजता स्टोअरची खिडकी उघडायची होती.